कोपराची सरासरी

आमच्या सुभानपुऱ्याच्या घरात सरळ अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे बाबांचा स्वभाव. बाकी भिंती, दारं, कपाटं, न्हाणीघराचा उंबरठा, सगळं थोडं थोडं एका अंगाला झुकलेलं होतं, कारण ते सगळं बाबांनी स्वतः केलेलं होतं. छाणीच्या पलीकडे एका कारखान्यात ते फिटर होते आणि तिथल्या कामगार संघटनेचे चिटणीस. जो माणूस आयुष्यभर मालकासाठी हात झिजवतो त्याने निदान स्वतःच्या घरासाठी तरी स्वतःचे हात वापरावेत, असं त्यांचं म्हणणं. आम्ही ते टेनामेंट, म्हणजे रांगेतलं बैठं घर, अर्धवट बांधलेलं घेतलं, आणि उरलेला अर्धा भाग बाबांनी सुट्टीच्या दिवसांत, संपाच्या दिवसांत आणि एकदा निलंबनाच्या काळात बांधला. निलंबनाच्या काळातलं काम सगळ्यात मजबूत आहे. गल्लीच्या तोंडाशी एक कडिया राहायचा, म्हणजे गवंडी. बाबा त्याला रस्त्यात थांबवून बांधकाम मजुरांच्या हक्कांबद्दल बोलत, पण घरात कधी बोलवत नसत. शेवटी एकदा तो गुजरातीत म्हणाला, "वसंतभाई, इज्जत थोडी ओछी आपो, ने काम आपो." इज्जत कमी दिली तरी चालेल, काम द्या. बाबांनी त्याला चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच गच्चीचा कठडा बांधायला घेतला.

मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. मला आलेलं पहिलं जोडाक्षर 'तीव्र'मधलं होतं, कारण प्रत्येक पत्रकाच्या माथ्यावर 'तीव्र निषेध' असे. वाटून उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे माळ्यावर होते आणि ते घरभर झिरपत. माझ्या वह्या म्हणजे पत्रकांच्या कोऱ्या पाठी. फडताळात डब्यांखाली पत्रकं अंथरलेली. तुरीच्या डाळीचा डबा उचलला की खाली बोनसची मागणी, पोह्यांचा डबा उचलला की कंत्राटी पद्धतीचा धिक्कार. प्रत्येक पत्रक आधी आत्याच्या हाताखालून जायचं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, आईच्या अक्का. मराठी शाळेतून निवृत्त होऊन ती आमच्याकडे राहायला आली होती, आणि लाल शाईने पत्रकांचं शुद्धलेखन तपासायची. तिला संघटना, मालक, संप यात काडीचा रस नव्हता, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत ती कुणाचीही गय करत नसे. अशा घरात वाढलेली मुलगी शांत कशी होईल? मी आठवीत असताना शाळेच्या पाण्याच्या टाकीबद्दल पत्रक काढलं होतं. आजही मला कुणाला वाढदिवसाचं चार ओळींचं पत्र लिहायचं असलं तरी चौथ्या ओळीत मागणी येते.

घराचा कारभार सभेने चालायचा. दर रविवारी सकाळी कोपऱ्यावरून स्टीलच्या डब्यात सेव-उसळ यायची, ती खात सभा. विषयपत्रिका बाबांच्या दाढीच्या आरशावर चिकटवलेली असायची, कारण सूचनाफलक म्हणून तीच एक जागा मान्य झालेली होती. पडद्याचा रंग, कुलर कुठल्या खिडकीत बसवायचा, गच्चीवर मोगरा की कढीपत्ता, सगळ्यावर ठराव. आत्या इतिवृत्त लिहायची. मला आठव्या वर्षी मताचा अधिकार मिळाला. घरातली कुठलीही वीट ठरावाशिवाय फोडायची नाही आणि ठरावाशिवाय बसवायची नाही, असा नियम होता. तीन जण हजर असले की सभा कायदेशीर. हे सगळं लिहिताना मला हसू येतं, पण हेही सांगितलं पाहिजे की पुढे ज्या ज्या ऑफिसांत मी काम केलं तिथे इतकी सरळ लोकशाही मला कधी भेटली नाही, आणि इतकी चांगली उसळ तर नाहीच.

मी दहा वर्षांची असताना बाबांनी स्वयंपाकघराचा ओटा बांधला. ओट्याची उंची किती, हा प्रश्न सभेपुढे आला. कुणाही साध्या माणसाने स्वयंपाक करणाऱ्या बाईला उभं केलं असतं आणि खूण केली असती. बाबांना ते पटेना. ओटा सगळ्यांचा आहे, मग एकाच माणसाच्या मापाने का? त्यांनी आम्हा चौघांना भिंतीला पाठ लावून उभं केलं, प्रत्येकाच्या कोपराची जमिनीपासूनची उंची खडूने आखली, चार आकडे मिळवून चाराने भागले, त्यातून चार बोटं वजा केली आणि ती ओट्याची उंची ठरवली. त्यात आईचं कोपर होतं. आमची आई बाबांपेक्षा सहज अर्धी वीत उंच. बाबांचं कोपर होतं. आत्याचं होतं, जी जेमतेम आईच्या खांद्याला लागायची आणि जिने आयुष्यात ओट्यापाशी उभं राहून काही केलेलं नव्हतं. ती भाजी चिरायची ती खाली बसून, विळीवर. आणि माझं होतं, दहा वर्षांचं. ठराव चार विरुद्ध शून्य असा पास झाला. आईनेही हात वर केला होता. का केला, हे मी तिला नंतर विचारलं, तर म्हणाली, मला कुकर लावायचा होता, सभा संपत नव्हती.

ओटा झकास झाला. बाबांच्या कामात गरजेच्या दुप्पट सिमेंट असायचं. विटांच्या तीन जाडजूड भिंती, डावी, मधली आणि उजवी, आणि त्यांवर कोट्याच्या दगडाची एकसंध लांब लादी. फक्त त्या ओट्यावर ताठ उभं राहून स्वयंपाक करू शकेल असा माणूस जगात नव्हता, असं मला तेव्हा वाटायचं. ते कोपर कुणा एकाचं नव्हतं, चौघांचं मिळून झालेलं होतं. आणि ओट्यापाशी उभी राहायची एकटी आई.

आई शिवणाचे वर्ग घ्यायची. दुपारभर मशीनवर वाकायची, सकाळ-संध्याकाळ ओट्यावर वाकायची. सहा वर्षांत तिची पाठ हळूहळू गेली. आधी ती पोळ्या लाटताना मध्येच थांबून हात कमरेवर ठेवायची. मग एक पाय पाटावर ठेवून लाटायला लागली. मग पट्टा आला. डॉक्टरांनी वाकायचं नाही असं सांगितलं तेव्हा आईने त्यांना मान डोलावली आणि घरी येऊन वाकून आमटीला फोडणी दिली. त्या काळातल्या सकाळींचा आवाज मला अजून ऐकू येतो. लाटण्याचे तीन फेरे, मग थांबणं, मग एक बारीक सुस्कारा, मग पुन्हा तीन फेरे. मी शेजारच्या खोलीत पलंगावर पडून जगातल्या अन्यायांबद्दल वाचत असायचे.

तो सुस्कारा मला ऐकू यायला सोळावं वर्ष लागावं लागलं. एकदा ऐकू आल्यावर मात्र मी पेटले. मी पत्रक लिहिलं. 'ओट्याचा प्रश्न' असं मथळ्याला, खाली 'जिची कंबर, तिचं माप'. चार मुद्दे होते. एक, आत्या ओट्यापाशी उभी राहत नसताना तिचं कोपर मोजणं हा मतदार यादीतला घोटाळा आहे. दोन, मुक्ता, म्हणजे मी, आता आईएवढी उंच झालेली असून माझं कोपर आणि आईचं कोपर एकाच रेषेत येतं, सबब सहा वर्षांपूर्वीची सरासरी रद्दबातल झालेली आहे. तीन, ओटा ताबडतोब आईच्या मापाने वाढवावा. चार, अन्यथा होणाऱ्या परिणामांस चिटणीस जबाबदार राहतील. आत्याने लाल शाईने दोन वेलांट्या दुरुस्त केल्या आणि पहिल्या मुद्द्याबद्दल काहीही न बोलता परत दिलं. मी ते आरशावर चिकटवलं. बाबांनी दाढी करता करता ते वाचलं, एका गालाला फेस तसाच ठेवून पुन्हा वाचलं, आणि म्हणाले की भाषा चांगली आहे. मग त्यांनी विषय उपसमितीकडे सोपवला. उपसमितीत ते एकटेच होते. चार रविवार उपसमितीचा अहवाल आला नाही. संघटनेत तेव्हा मोठी भांडणं चालू होती, बाबांचं डोकं तिकडे होतं. पण चार रविवार म्हणजे आईच्या किती पोळ्या, हा हिशेब माझ्या डोक्यात होता.

पाचव्या आठवड्यात बाबा तीन दिवसांच्या अधिवेशनासाठी सुरतेला निघाले. रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि दहाव्या मिनिटाला मी आरशावर तातडीच्या सभेची नोटीस लावली. नोटीस सर्व सदस्यांना दिसेल अशा मान्य ठिकाणी लावलेली होती. एक सदस्य त्या आरशात पुढचे तीन दिवस दाढी करणार नव्हता, हा नोटिशीचा दोष नव्हे. सभेला तिघी हजर, म्हणजे सभा कायदेशीर. ओटा एक वीट उंच करावा, असा ठराव मी मांडला. आईने पट्टा सैल करत विचारलं, "आणि तुझे बाबा?"

"बहुमत आहे," मी म्हटलं.

"ते मी विचारलं नाही," आई म्हणाली. पण तिने मशीनच्या खणातून मापाची टेप काढून गळ्यात अडकवली, आणि मला कळलं की ठराव पास झाला. आत्याने इतिवृत्तात लिहिलं की चर्चा खेळीमेळीत झाली.

योजना माझी होती आणि कागदावर ती उत्तम होती. गॅस आणि सिलिंडर आधी ओसरीत नेऊन ठेवला. लादी फोडायची नव्हती. तिन्ही भिंतींवरचा सिमेंटचा सांधा छिन्नीने मोकळा करायचा, शेजारच्या कपिलाबेनच्या गाडीचा जॅक लादीखाली लावायचा, लादी हळूच उचलायची, फटीत विटांचा थर सरकवायचा, लादी खाली सोडायची. बाबांची सगळी हत्यारं घरातच होती. सांधे वाटून घेतले. डावा आईकडे, मधला आत्याकडे, उजवा माझ्याकडे. आत्या पाटावर बसून, चष्मा नाकावर घेऊन, अशुद्ध शब्द खोडावा तशी सिमेंटचा एकेक कण उडवत होती. आईने डावा सांधा उसवल्यासारखा काढला, टाका न् टाका. दोन दिवस आमची चूल बंद. कपिलाबेन भिंतीवरून खिचडी-कढीचं पातेलं द्यायची आणि रोज विचारायची, "शुं तोड्युं आजे?" म्हणजे आज काय फोडलं. ती बाबांना चांगली ओळखत होती, आणि या कटात तिची कढी घट्ट होत चालली होती.

उजव्या सांध्यापुढे पिठाचा मोठा डबा होता. मी तो हलवला नाही. समोरून दिसतो तेवढा सांधा खरवडला, आणि मग मला सुचलं की या सगळ्या घटनेवर एक पत्रक निघायला हवं. मी ओसरीत जाऊन ते लिहायला बसले. दोघींनी विचारलं, झाला का तुझा? मी मनात वाक्य जुळवत होते. म्हटलं, झाला.

शनिवारी दुपारी जॅक लावला. दांडा मी फिरवत होते. डावीकडची बाजू केसभर उचलली, मग बोटभर. आई म्हणाली, थांब जरा, उजवीकडे लादी हलत नाहीये. मी म्हटलं, हलेल. आणखी एक फेरा दिला. आवाज काही मोठा झाला नाही. मोठ्या माणसाने भर सभेत घसा साफ करावा तेवढाच झाला. मधल्या भिंतीच्या बरोबर वर, बाबांच्या एकसंध लादीला एक सरळ चीर गेली आणि तिचे दोन तुकडे झाले. डावा तुकडा जॅकवर वर, उजवा जिथल्या तिथे, पिठाच्या डब्यामागच्या दुप्पट सिमेंटला घट्ट धरून बसलेला.

मग आत्याने डबा बाजूला केला, मागचा सांधा पाहिला, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की त्यापुढे लाल शाई बरी. आई खाली बसली. तिला हसू येत होतं की रडू, ते तिच्या पाठीवरून कळेना. उद्या संध्याकाळी बाबा येणार. त्याआधी नवी लादी आणून बसवायची म्हणजे कडियाला बोलवावं लागणार, म्हणजे घराच्या इतिहासातला पहिला बाहेरचा हात, आणि तोही माझ्या थापेमुळे. मी म्हटलं, मी जाते बोलवायला. चप्पल घालून दार उघडलं तर समोर बाबा.

ते एक दिवस आधी आले होते. अधिवेशनात भांडण होऊन अर्धी माणसं उठून गेली होती आणि त्या अर्ध्यांत बाबा होते. तोंड उतरलेलं, हातात पिशवी, पिशवीत न वाटलेली पत्रकं. ते सरळ पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. आम्ही तिघी दारात. बाबांनी लादीकडे पाहिलं, जॅककडे पाहिलं, कोपऱ्यात पाण्यात भिजत घातलेल्या विटांकडे पाहिलं. मी उजव्या सांध्याचं सांगून टाकलं. न केलेलं काम मीच झालं म्हणून सांगितलं होतं, असं सरळ कबूल केलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग इतिवृत्त मागितलं आणि उभ्याउभ्या वाचलं.

"नोटिशीची वेळ संशयास्पद आहे," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "विटा भिजवल्यात हे बरं केलंत. कोरड्या लावल्या असत्यात तर सिमेंट धरलं नसतं." आणि शर्ट काढून खुंटीला अडकवला.

त्यांनी चिरेवरून अंगठा फिरवला. मधली भिंत चांगली रुंद होती, दोन्ही तुकड्यांची टोकं तिच्यावर टेकू शकत होती. दोन्ही तुकडे वर घेता येतील, सांधा भरता येईल, ते म्हणाले. मग त्यांनी आईला ओट्यापाशी उभं राहायला सांगितलं. आईच्या गळ्यातली टेप घेतली आणि तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंत माप धरलं. वाकून आकडा वाचताना ते तिथेच जरा जास्त वेळ राहिले. सहा वर्षांपूर्वी त्यांनी हाच आकडा लिहिला होता, आणि मग त्याला चाराने भागलं होतं. "सगळा ओटा तुझ्या मापाने करतो, सुनंदा," ते म्हणाले.

मी जिंकले होते. तिसरा मुद्दा जसाच्या तसा मान्य. मी बहुधा हातसुद्धा उंचावला असेन.

"नको," आई म्हणाली.

आम्ही तिघेही तिच्याकडे बघत राहिलो. आईला सभेत बोलायची सवय नव्हती. मत दिलं की ती कुकरकडे जायची. आता कुकर ओसरीत होता. "ब्लाउज मापाने शिवला की तो एकीचाच होतो," ती म्हणाली. "दुसरी कुणी घालत नाही. सगळा ओटा माझ्या मापाचा केलात की तो माझ्याच नावावर होईल. तुम्हाला उंच पडेल, अक्कांना दिसणारच नाही, आणि मी मरेपर्यंत एकटी तिथे उभी, ताठ. पाठ दुखणार नाही, एवढंच." तिने खाली राहिलेल्या उजव्या तुकड्यावर हात ठेवला. "हा असाच राहू द्या. तुमचं कोपर आणा इथे."

बाबा जवळ गेले आणि उभे राहिले. आईच्या कोपराने वर नेलेली सरासरी आत्याच्या आणि माझ्या कोपराने खाली आणली होती, आणि ती येऊन थांबली होती जवळजवळ बाबांच्याच कोपरापाशी. उजवा तुकडा त्यांना शिवल्यासारखा बसला. "गॅस ह्या बाजूला," आई म्हणाली. "वरण, भात, चहा ह्या बाजूला. ठराव मांडू का?"

आत्याचा हात आधी वर गेला. बाबांचा मग, सावकाश, कारण तत्त्वतः त्यांच्याकडे एकही मुद्दा उरला नव्हता. मी तर दोन्ही हात वर केले. इतकं क्रांतिकारक काही मी पत्रकातही लिहिलं नव्हतं. माझ्या पत्रकात आईसाठी ओटा उंच मागितला होता. आईच का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"आणि डावी बाजू?" आत्याने इतिवृत्तासाठी विचारलं. "उंच बाजूला काय?"

"पोळ्या," आई म्हणाली. तिने आरशाकडे जाऊन माझं जुनं पत्रक काढून आणलं, ते अजून नोटिशीखाली होतं, आणि वर्गातल्या मुलींना वाचून दाखवावं तसं दुसरा मुद्दा वाचला. मुक्ता आता आईएवढी उंच झालेली असून तिचं कोपर आणि आईचं कोपर एकाच रेषेत येतं. खाली माझी सही. "एक दिवस मी, एक दिवस ही," ती म्हणाली. मी म्हटलं की मला पोळ्या येत नाहीत. ती म्हणाली, उजवा सांधाही येत नव्हता, तरी 'झाला' म्हणालीसच ना.

रविवारी दिवसभर बाबांनी डावी बाजू बांधली, आणि विटा त्यांच्या हातात मी दिल्या. पारदर्शक नळीत पाणी भरून त्यांनी पातळी बघितली. लादीचा एक कोपरा तरी डुगडुगत होताच. त्यांनी सुरतेच्या पिशवीतलं एक पत्रक घेतलं, दोनदा घडी केली, फटीत घातलं, वर सिमेंट थापलं. "हे तरी कुठेतरी टेकलं," म्हणाले. कपिलाबेन बघायला आली, पायरीसारख्या त्या ओट्याकडे बघत राहिली, आणि तिने विचारलं की हे मुद्दाम केलंय की चुकून. बाबा म्हणाले, ठरावाने. तिने लगेच जाऊन आपल्या नवऱ्याला बोलावून आणलं आणि खालच्या बाजूपाशी उभं केलं. तो बिचारा फक्त आपला जॅक घ्यायला आला होता.

मंगळवारी माझी पाळी. उंच बाजूला ताठ उभी राहून मी अकरा पोळ्या लाटल्या, पैकी एकही गोल नव्हती. खालच्या बाजूला बाबा वरणात मीठ घालायचं विसरले. आई पलंगावर पाठ टेकून पेपर वाचत होती. माझं लाटणं तीन फेऱ्यांनंतर थांबलं, आणि मी नकळत सुस्कारा टाकला. आतून आईचा आवाज आला, "ऐकू आला ग." आणि तिने पेपरचं पान उलटलं.